खोट्या दाखल्यावरची सही

समोर कोणीही आलं, की सर आधी त्याच्या पायांकडे बघत. चेहऱ्याकडे नंतर. मुलीला मैदानावर घालायला आलेल्या आया संकोचायच्या, निऱ्या सारख्या करायच्या. सर मान वर न करताच म्हणायचे, "उभी राहा नीट, मग बोलू." ते मुलीला उद्देशून असे, पण आईही आपोआप ताठ उभी राहायची.

तुमच्याही गावात असे एखादे सर असतील. शाळेतली पी.टी.ची नोकरी नावापुरती आणि खरा जन्म संध्याकाळी साडेपाचनंतरचा. आमच्या बडोद्यात, कारेलीबागेतल्या एका ट्रस्टच्या मोकळ्या जागेत, त्यांनी पंचवीसेक वर्षं खो-खो शिकवला. आजोबा संस्थानच्या फौजेत होते म्हणे. नातवाकडे त्यातलं पाठीचा कणा आणि पितळी शिट्टी एवढंच उरलं होतं. बायको लग्नानंतर चार वर्षांतच गेली. मूलबाळ नव्हतं. सोसायटीतल्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत ते एकटे राहत. पण साडेपाच ते साडेसात या वेळात त्यांच्याभोवती साठ मुलं असत, त्यामुळे ते एकटे आहेत हे कोणाच्या ध्यानातच येत नसे.

मी त्यांच्याकडे सात वर्षं खेळले. पुढे वीज बोर्डात नोकरीला लागले, लग्न झालं, तरी आठवड्यातून तीनदा मैदानावर जायची, कारण सरांना इंग्रजी लिहिता येत नव्हतं. मैदानाच्या कोपऱ्यात पत्र्याची खोली होती, तीत एक जुना टाइपरायटर. जिल्हा संघटनेचे सर सेक्रेटरी. सगळा पत्रव्यवहार ते मराठीत सांगत आणि मी इंग्रजीत बडवत असे. सात वर्षं खेळलेल्या मला ते 'टायपिस्ट' म्हणत. कुठलंही पत्र 'विथ ड्यू रिस्पेक्ट'ने सुरू झालं पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. मैदानात गुरं शिरतात म्हणून शेजारच्या तबेलेवाल्याला पाठवलेलं पत्रही तसंच सुरू झालं होतं. तबेलेवाला ते घेऊन विचारायला आला, "बेन, यात मला शिव्या दिल्यात की काय?"

ती नव्वदीची वर्षं होती. कारेलीबागेत घराघरांवर ट्यूशन क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. बारावी सायन्सचं मूल घरात असलं, की टीव्हीवर चादर पडायची. मैदानावरची मुलं दहावीनंतर गळायला लागली. राहिली त्यांत बाजव्याहून सायकलने येणारी एक मुलगी होती. वडील रिफायनरीत फिटर. ती उंचीला बेताची, बोलायला त्याहून कमी, पण पळायला लागली की पाठलाग करणाऱ्याला ती आहे कुठे तेच कळायचं नाही. दोनदा राज्यस्तरावर खेळली होती. सर तिला कधी शाबास म्हणाले नाहीत. ती पळत असली की शिट्टी तोंडातून काढून हातात धरायचे, एवढंच.

ती बारावीला असताना एक गृहस्थ मैदानावर आले. गोरव्याला त्यांचे दोन कारखाने होते, आणि आमचं मैदान ज्या ट्रस्टच्या जागेत होतं, त्याचे ते विश्वस्त होते. जमिनीचे भाव वाढत होते. जागेवर कॉम्प्लेक्स होणार अशी कुणकुण होती. पत्र्याच्या खोलीत मी टाइपरायटरशी बसले होते. मला बाहेर जा असं कोणी म्हटलं नाही.

"मास्तरसाहेब, ग्राउंड तुमचाच छे," ते आपल्या मोडक्या मराठीत म्हणाले. "मी ट्रस्टमध्ये बसलेला आहे, तोपर्यंत कोणी हात नाही लावणार."

सर म्हणाले, "आभारी आहे."

"छोकरा बारावीत आहे. मार्क्स येऊन जाशे. पण इंजिनिअरिंगला खेळाडूंची एक सीट असते ने, त्याच्यासाठी स्टेट लेव्हलचा सर्टिफिकेट पाहिजे."

"कुठला खेळ खेळतो?"

"तुम्ही जे शिकवता ते."

सर दाराबाहेर बघू लागले. बाहेर मुलं खो देत होती. मग ते म्हणाले, "बघतो."

त्या आठवड्यात त्यांनी दोन दाखले टाइप करायला सांगितले. एक बाजव्याच्या मुलीचा आणि एक त्या मुलाचा. दुसरं नाव त्यांनी चिठ्ठीवर लिहून समोर ठेवलं, तोंडाने उच्चारलं नाही. मी वर बघितलं. "तिला मार्कांवरच मिळेल," सर म्हणाले. "हुशार आहे. हा दाखला तिला लागणारही नाही. आणि ही साठ मुलं मी कुठे नेऊ?"

मी टाइप केलं. मला 'नाही' म्हणता आलं असतं, पण मलाही ते मैदान हवं होतं. दाखला न्यायला तो मुलगा गाडीने आला. काच खाली करून त्याने कागद घेतला. गाडीतून तो उतरलाच नाही.

मुलीला मार्कांवर मिळालं नाही. दीड-दोन टक्क्यांनी हुकलं. खेळाडूंच्या यादीत खो-खोची दोन नावं होती. मुलाचे मार्क तिच्याहून थोडे जास्त होते. वर्षभर तीन क्लास लावले होते त्याला. जागा एकच होती, ती त्याला गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती नेहमीसारखी सायकलवरून आली. सायकल भिंतीला लावली आणि सरांसमोर उभी राहिली.

"सर, यादीतला हा मुलगा कोणत्या मैदानावर खेळायचा?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. राज्यातले सगळे खेळणारे तिला ठाऊक होते, हा एकच कसा राहिला याचं तिला नवल वाटत होतं. सरांनी शिट्टी तोंडात घातली, काढली. "उद्या सांगतो," म्हणाले. ती बूट बांधायला वाकली आणि सर पत्र्याच्या खोलीत येऊन माझ्यासमोर बसले. मैदानावर मुलं असताना सरांना बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"टायपिस्ट, कागद चढव."

त्या पत्रात त्यांनी सगळं लिहायला लावलं. अमुक मुलगा कधीही खेळला नाही, दाखला खोटा आहे, मी दिला, मला शिक्षा व्हावी. मी म्हटलं, "सर, मैदान जाईल."

"जाईल," ते म्हणाले. "विथ ड्यू रिस्पेक्ट घातलंस ना?"

पत्र कॉलेजला गेलं, संघटनेला गेलं. चौकशी बसली. सरांना वाटलं होतं, मुलाचं नाव निघेल आणि मुलीचं लागेल. झालं निराळंच. चौकशीवाल्यांनी ठरवलं, की ज्या माणसाने एक दाखला खोटा दिला, त्याने त्या हंगामात दिलेले सगळेच दाखले रद्द. त्यात तिचाही गेला. जागा बॅडमिंटन खेळणाऱ्या कोणाला तरी मिळाली. सरांना संघटनेतून कायमचं काढलं. कारखानदाराच्या मुलाला वडिलांनी दक्षिणेत एका खाजगी कॉलेजात घातलं. त्याचं एक वर्षही वाया गेलं नाही.

मुलीचे वडील रिफायनरीच्या कपड्यांतच मैदानावर आले. त्यांनी हात जोडले, म्हणून आम्हाला वाटलं की शांतपणे बोलतील. शांतपणेच बोलले.

"सर, तुम्ही आधी खोटं बोललात, मग खरं बोललात. दोन्ही वेळा माझीच मुलगी गेली."

सर त्यांच्याकडे बघत उभे राहिले.

आता माझा भाग सांगते. चौकशीत विचारलं गेलं, दाखला टाइप कोणी केला? सर म्हणाले, मीच केला, एका बोटाने. त्यांना इंग्रजी अक्षरांची धड ओळख नव्हती, पण कोणी खोलात गेलं नाही. मी त्या दिवशी ऑफिसात होते. संध्याकाळी मला ते कळलं आणि माझ्या अंगातून जणू ताप उतरला. सरकारी नोकरी, चौकशीत नाव येणं परवडणारं नाही, असं मी नवऱ्याला समजावून सांगितलं. त्याने काही विचारलं नव्हतं, तरी सांगितलं. त्यानंतर मी मैदानावर गेले नाही. सरांकडेही गेले नाही. गेले असते तर आभार मानावे लागले असते, आणि ते मला जमणारं नव्हतं.

दोन वर्षांत मैदानावर कॉम्प्लेक्स उभं राहिलं. ज्यांची मुलं तिथे खेळायची, ते लोक सरांना दोष देत. खोट्या दाखल्याबद्दल नाही, तर गप्प न बसल्याबद्दल. एकजण माझ्यासमोर म्हणाला, "एवढं सत्य बोलायची काय जरूर होती? झालं ते झालं होतं ने." आणि जे सज्जन होते, ते मुळात सही केली म्हणून त्यांच्याशी बोलेनासे झाले. अशा रीतीने दोन्हीकडची माणसं संपली. शाळेतून निवृत्त झाल्यावर संध्याकाळी साडेपाचला सर काय करत असतील, हा विचार माझ्या मनात यायचा. मी चाललेलं काम थांबवायची, मग परत सुरू करायची. पाण्याच्या टाकीपाशी एकदा ते रस्ता ओलांडताना दिसले. मी मोपेडवर होते. दुकानाची पाटी वाचत असल्यासारखं केलं.

चौकशीनंतर अकरा वर्षांनी मी त्यांच्या दारात गेले. सोसायटीतल्या एका बाईने सांगितलं होतं, की सर न्हाणीत घसरून पडले आणि चार दिवस कोणाला पत्ताच नव्हता. दार उघडंच होतं. खाटेवर पाय लांब करून बसले होते, एका पायाला प्लास्टर.

"ये, टायपिस्ट," ते म्हणाले, कालच भेटल्यासारखं. "चहा तुलाच करावा लागेल."

चहा झाला. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी उशाजवळची फाइल पुढे केली. आत पत्रं होती. दर जूनमधलं एक. संघटनेला लिहिलेली, हाताने, इंग्रजीत. पहिल्यात स्पेलिंगच्या इतक्या चुका होत्या की अर्थ लागत नव्हता. दुसऱ्यात कमी. शेवटच्या दोन-तीन पत्रांत मला एखाददुसरीच सापडली. सगळ्यांत मागणी एकच होती. अमुक मुलगी खरोखर खेळली आहे, सामन्यांचे तक्ते सोबत जोडले आहेत, तिचा दाखला खरा धरावा.

"कधी शिकलात?"

"क्लास लावला. बाजूला मुलांचा आहे ने, स्पोकन इंग्लिशचा. सगळी सोळा वर्षांची आणि मी." ते थोडं हसले. "मास्तरीण मला काका म्हणायची. होमवर्क तपासताना जरा सांभाळून घ्यायची."

"पण सर, आता काय उपयोग? ती डिप्लोमा करून पुढे डिग्रीला गेली. इंजिनिअर झाली, नोकरीला आहे."

"माहीत आहे मला. तिचं तिने केलं." त्यांनी फाइल माझ्या हातातून घेतली आणि दोरी बांधली. "पण कागदावर ती अजून खोटी आहे. ते मी केलंय."

"तिला सांगितलंत, की पत्रं लिहिता म्हणून?"

"उत्तर कुठे आलंय? काय सांगणार?"

त्यानंतर मी दर रविवारी जाऊ लागले. भाजी नेऊन द्यायची, चहा करायची. मला म्हणायचं होतं ते म्हणणं मात्र पुढेपुढे जात राहिलं. एका रविवारी अगदी ओठांवर आलं होतं. सरांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "साखर जास्त झालीय आज." मला वाटतं, त्यांनी मुद्दाम म्हटलं.

दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये ते गेले. स्मशानात आम्ही सातजण होतो. त्यांत दोन सोसायटीचे, एक त्या स्पोकन इंग्लिशच्या मास्तरीणबाई.

जूनमध्ये मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पत्र लिहिलं. सुरुवात त्यांना आवडायची तशीच केली. तक्ते जोडले. शेवटी लिहिलं, की तो खोटा दाखला मी टाइप केला होता, खोटा आहे हे ठाऊक असून केला होता, आणि या पत्राखाली माझं नाव, हुद्दा आणि पत्ता आहे. ते घेऊन मी स्वतः संघटनेच्या ऑफिसात गेले. काउंटरवरच्या तरुण कारकुनाने शिक्का मारला, दोन ओळी वाचल्या आणि विचारलं, "बेन, आ सर कोण हता?"

"कोच होते," मी म्हटलं. त्याने 'बराबर' म्हणत पत्र ट्रेमध्ये टाकलं.

दिवाळीनंतर उत्तर आलं. खेळाडूचा दाखला ग्राह्य धरण्यात येत आहे. माजी सेक्रेटरी हयात नसल्याने त्यांच्याबाबतचं प्रकरण बंद करण्यात येत आहे. माझ्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

बाजव्याला जाऊन तिच्या वडिलांकडून नंबर घेतला. ती पुण्याजवळच्या एका कारखान्यात होती. फोनवर मी सांगितलं, दर जूनच्या पत्रांचं, क्लासचं, टाइप कोणी केलं तेही. शेवटी मी संघटनेचं उत्तर वाचून दाखवायला घेतलं. पहिलं वाक्य झालं आणि तिने मला थांबवलं.

"सरांना कळवलंत?" तिने विचारलं. "त्यांना आधी सांगा."

मी कागद खाली ठेवला. "अगं, सर मार्चमध्येच गेले."

पलीकडे कुठलंसं यंत्र चालू होतं. तिने फोन ठेवला नाही, आणि मीही ठेवला नाही.