गुलाबी साबण आणि शकूचा गुडघा

पिठाच्या गिरणीत दिवसभर कितीही झाडा, संध्याकाळी मिशीवर पीठ असतंच. किस्स्यांचंही तसंच. मुद्दाम कोणी गोळा करत नाही, अंगावर बसत जातात.

हैदराबादच्या मलकपेठेत माझी गिरणी. समोर एक बाक. त्यावर रोज सकाळी आम्ही तीन म्हातारे: मी, बँकेतून रिटायर झालेला दिगंबर आणि शेजारचा टेलर ख्वाजाभाई. अलीकडे तिघांच्याही घरात एकेक ऑपरेशन निघालं, आणि तिन्ही घरांत तीच बाटली आली. ऑपरेशनच्या आधी अंग धुवायचा जंतुनाशक साबण. पातळ, गुलाबी.

माझी शाळा चौथीत सुटली, तरी लिहून ठेवतो: साबण चांगला आहे. वापरणारे आम्ही होतो, तिथं घोटाळा झाला!

* * *

आधी आमच्या घरचं सांगतो. माझी बायको शकू. उजवा गुडघा पार गेलेला. घर गिरणीच्या वर, दोन जिने चढून. डॉक्टरकडे जायचं सोडलं तर ती खाली उतरेना. म्हणून भाजी मी आणायचो, आणि मी आणलेल्या एकाही वांग्याला तिनं कधी चांगलं म्हटलं नाही.

“हे वांगं आहे की गिरणीचा पट्टा?”

तिला काशी नको, अमेरिका नको. मार्केटात स्वतःच्या पायांनी जायचं आणि स्वतःच्या हातानं वांगी निवडायची, एवढंच मागणं.

कोठी भागातल्या एका दवाखान्यात गुडघा बदलायची तारीख मिळाली. सिस्टरनं बाटली दिली, कसं धुवायचं ते सांगितलं. शकूनं धुतलं, अगदी मन लावून. पण चांगल्या कामाला निघताना अंगाला तेल लावायचं, ही तिच्या माहेरची रीत! धुतलेल्या गुडघ्यावर तिनं खोबरेल चोळलं, वर हळद, मानेला पावडर.

दवाखान्यात सिस्टरनं चादर बाजूला केली आणि कपाळावर हात मारला. “अय्यो अम्मा! नूने वद्दु! तेल नको म्हणून सांगितलं ना?”

शकू म्हणाली, “बाई, एवढ्या मोठ्या डॉक्टरसमोर रखरखीत पाय घेऊन येऊ?”

डॉक्टरनं परत पाठवलं. कातडीवरचे जंतू आत सांध्यात गेले तर नवा गुडघाही काढावा लागतो, म्हणाला. पुढची तारीख महिन्यानं.

ऑटोनं घरी आलो. जिन्याशी शकू फक्त म्हणाली, “चढवा.”

* * *

दुसऱ्या दिवशी बाकावर दिगंबर माझी समजूत घालायला लागला. “अरे, माझीही तारीख गेली होती.”

याचं हर्नियाचं ऑपरेशन. हा ग्रॅज्युएट! यानं काय केलं, तर आदल्या दिवशी न्हावी घरी बोलावून पोट सफाचट करून घेतलं. डॉक्टरचं काम हलकं करायला! पोटभर ओरखडे. त्यावर गुलाबी साबण. असा किंचाळला की वरच्या मजल्यावरचे धावत आले.

डॉक्टरनं विचारलं, “हे कोणी केलं?”

“आमच्या न्हाव्यानं. हात चांगला आहे त्याचा, सांगू का तुम्हाला पत्ता?”

केस काढायचे की नाही ते दवाखानावाले बघतात, वस्तरा घरी चालवायचा नाही, हे त्याला तेव्हा कळलं. ओरखडे भरेपर्यंत हर्निया तसाच घेऊन बसला.

* * *

ख्वाजाभाईचा किस्सा मात्र हसण्यासारखा नाही. आम्ही हसतो ती गोष्ट वेगळी.

त्याची बेगम झुबेदा, तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन. बाटलीचं झाकण फुटलं, म्हणून ख्वाजाभाईनं साबण गुलाबाच्या सरबताच्या रिकाम्या बाटलीत ओतला. आणि ठेवला कुठं? फ्रिजमध्ये! दिवस रमझानचे. रोजा सोडायला जावई आलेला. त्यानं बाटली काढली, ग्लासात ओतलं, थंड पाणी घातलं, चमचा फिरवला, तर वर फेसच फेस.

“अब्बा, इस शरबत कू झाग कायकू आरा?”

झुबेदा स्वयंपाकघरातून धावली आणि ग्लासाला असा तडाखा दिला की भिंत गुलाबी. कोणाच्या पोटात गेलं नाही, ही देवाची कृपा.

ख्वाजाभाई अजून म्हणतो, “मियाँ, रंग तो मिलता ना!”

* * *

मी दोघांना पोटभर हसलो. मग म्हटलं, शकूला परत लावायच्या आधी आपण बघावं हे काय प्रकरण आहे. बाथरूममध्ये गेलो आणि साबण चेहऱ्याला चोळला.

डोळ्यांत निखारे!

सूनबाई मृणाल, पुण्याची, कॉम्प्युटरवाली. मीटिंग सोडून पळत आली, माझं डोकं नळाखाली धरलं आणि सोडेचना.

“बाबा, गळ्याच्या खाली म्हणजे खाली! डोळे, कान, तोंड, तिथं लावायचाच नाही!”

“चेहरा काय दुसऱ्याचा आहे?”

“बोलू नका, तोंडात जाईल!”

तशीच डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. तो म्हणाला, लगेच भरपूर पाण्यानं धुतलं म्हणून डोळे वाचले. मग विचारलं, “ऑपरेशन कशाचं आहे?”

“बायकोच्या गुडघ्याचं.”

“मग तुम्ही तोंड का धुतलंत?”

हा डॉक्टर मला काही आवडला नाही.

* * *

पुन्हा तारीख आली. या खेपेला मृणालनं पदर खोचला, म्हणजे ओढणी. शकूला स्टुलावर बसवलं. गळ्याखाली साबण, हलक्या हातानं, घासाघीस नाही. सिस्टरनं सांगितलं होतं तेवढं थांबून भरपूर पाणी.

“आई, कुठं खाज, आग? असेल तर आत्ताच सांगा.”

“आग नाही गं. पण सुनेच्या हातून अंघोळ! माझ्या सासूला कळलं असतं तर तिला चक्कर आली असती.”

मग शकूचा हात हळूच चंदनाच्या वडीकडे गेला. “वास तरी बरा येऊ दे.”

“आई!”

हात मागे आला. तेल नाही, पावडर नाही, दुसरा साबण नाही. धुतलेला टॉवेल, धुतलेली साडी.

दारात झुबेदा उभी. हातात हिरव्या कापडाची पट्टी, आत शिवलेलं नाणं. इमामे-जामिन. हैदराबादेत कोणी अवघड कामाला निघालं की दंडावर बांधतात, सुखरूप परतल्यावर सोडतात. झुबेदानं ती स्वतः शिवली होती. मृणाल ‘नको’ म्हणायला तोंड उघडत होती, पण म्हणवेना. झुबेदाचा हात तसाच पुढे.

शकू म्हणाली, “झुबेदा, मेरा हात धुला हुआ है. इनके हात को बांध. ये कभी धोते नहीं!”

पट्टी माझ्या दंडावर आली. दवाखान्यात सिस्टरनं शकूचा गुडघा वळवून वळवून पाहिला. म्हणाली, “बागुंदी, अम्मा!” छान आहे म्हणे. आणि आत घेऊन गेली.

* * *

ऑपरेशन चांगलं झालं. शकू वॉकरवर आली, मग काठीवर. माझ्या दंडावरची पट्टी तिथंच. दिगंबर म्हणायचा, “काढ की आता. हिरवीची काळी झाली.”

“घरी आली म्हणजे परत आली असं नाही,” मी म्हणायचो. “मध्ये बोलू नको.”

परवा सकाळी जिन्यावर काठी वाजली. एकेक पायरी. आम्ही तिघांनी बाकावरून माना वळवल्या. शकू उतरली, मागे मृणाल पिशवी घेऊन. आमच्याकडे न बघता दोघी मार्केटाच्या दिशेनं गेल्या. ख्वाजाभाईचा चहा हातातच गार झाला.

बऱ्याच वेळानं दोघी आल्या. शकू घामाघूम. येऊन आमच्या बाकावरच बसली. पिशवीतून एक वांगं काढलं, जांभळं, चकचकीत, आणि माझ्या नाकासमोर धरलं.

“याला वांगं म्हणतात.”

मग तिनं झुबेदाला हाक मारली. “झुबेदा, आ. खोल दे.”

झुबेदानं गाठ सोडली. शकूनं माझा दंड हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, नाकाशी नेला आणि मृणालकडे वळली.

“मृणाल, ती गुलाबी बाटली शिल्लक आहे का गं?”