व्याह्यांना दिलेलं ब्लँकेट

माझ्या मुलीचं ठरलेलं लग्न मी एका ब्लँकेटने जवळजवळ मोडलं होतं. ब्लँकेट चांगल्या प्रतीचं होतं, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल.

झालं असं, की आमच्या केतकीने (जन्म इथला, अमेरिकेतल्या नोव्हाय गावचा; मराठी शनिवारच्या वर्गापुरतं) ब्रायन नावाच्या मुलाशी लग्न ठरवलं. मुलगा गुणी. वरणभात हाताने खातो आणि मला काका म्हणतो. त्याचे आईवडील, कॅरल आणि जिम, एका शनिवारी दुपारी पहिल्यांदाच आमच्याकडे जेवायला येणार होते. केतकीने आठवडाभर मला एकच बजावलं, "बाबा, प्लीज, जस्ट बी नॉर्मल." हे ज्याला सांगावं लागतं त्याला ते जमत नसतं, हे तिला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

शिवाय तिने एक धोक्याची सूचना दिली. आमच्या राज्यात दोन मोठी विद्यापीठं आहेत, एक तांबड्या रंगाचं आणि एक जांभळ्या. बास्केटबॉलवरून त्यांचं वैर आजोबा-पणजोबांच्या काळापासूनचं. जिम कॉलेजात असताना तांबड्यांकडून खेळलेला. त्याचा सख्खा मेहुणा एकदा जांभळी टोपी घालून घरी आला, तर जिम त्याच्याशी दोन वर्षं बोलला नाही. मी लगेच घरभर फिरून जांभळ्या उश्या आणि जांभळी फुलदाणी गराजमध्ये नेऊन टाकली. सुनीताने, म्हणजे माझ्या बायकोने, भरल्या वांग्यांचा बेतसुद्धा रद्द केला. (इतके आम्ही सावध लोक!)

आता सुनीताच्या कपाटाबद्दल सांगायला हवं. आमच्या बेसमेंटमध्ये एक आहेराचं कपाट आहे. वाढदिवसाला, वास्तुशांतीला, डोहाळजेवणाला आलेल्या भेटी त्यात जातात आणि योग्य वेळी, नवी रिबीन लावून, दुसऱ्या कुणाकडे रवाना होतात. प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी असते : आत काय आणि कुणाकडून आलं, म्हणजे चुकून त्यांच्याकडेच परत जायला नको. ही पद्धत अगदी बिनचूक आहे. फक्त सुनीता खोकं उघडत नाही. उघडलं की घडी मोडते, असं तिचं म्हणणं.

जिमसाठी आम्ही पुण्याहून रेशमी जॅकेट मागवलं होतं. ते शुक्रवारी आलं. ते मला बसलं, म्हणजे सहा फूट चार इंच उंचीच्या जिमला ते रुमालासारखं झालं असतं. सुनीता शांतपणे कपाटाकडे गेली आणि सोनेरी कागदातलं एक मोठं खोकं घेऊन आली. थंडीचे दिवस आहेत, ब्लँकेट उपयोगी पडेल, म्हणाली. मीही मान डोलावली. चिठ्ठी वाचण्याचे कष्ट मी घेतले नाहीत.

पाहुणे आले. कॅरल हसरी, जिम दारात वाकून आत येणारा आणि कमी बोलणारा. पुरणपोळी त्याने दोनदा मागून घेतली, तेव्हा माझा जीव जरा भांड्यात पडला. मग मला अवदसा आठवली. काहीतरी नॉर्मल बोलावं म्हणून मी विचारलं, "तुम्ही बास्केटबॉल खेळायचात ना?"

ब्रायनने चमचा खाली ठेवला. केतकीने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावून त्यामागे लपलो.

जिम मात्र बोलायला लागला. पस्तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मोसमाचा शेवटचा सामना, जिंकेल त्याला कॉन्फरन्सचं, म्हणजे आसपासच्या सगळ्या विद्यापीठांमधलं, विजेतेपद. तांबडे एका गुणाने पुढे. शेवटच्या क्षणी जांभळ्यांच्या पोराने जिमच्या डोक्यावरून चेंडू जाळीत टाकला आणि वेळ संपल्याचा भोंगा वाजला. चेंडू आधी सुटला की भोंगा आधी वाजला, यावर आजही मारामाऱ्या होतात. पंचांनी गुण दिले. त्या वर्षीच्या विजेतेपदाचा झेंडा मात्र दोन्ही विद्यापीठांच्या हॉलमध्ये लटकतो.

"तो वाद मला चालतो," जिम म्हणाला. "पण आमचेच लोक म्हणतात, जिमने उडीच मारली नाही. पेपरातल्या फोटोत मी कमरेपर्यंतच आहे. हात वर, तोंड उघडं. माझे वडील शेवटपर्यंत म्हणत राहिले, तू उडी मारली असतीस तर वादच झाला नसता."

मला खरोखर वाईट वाटलं. पुढचं वाक्य ऐकेपर्यंत.

तो फोटो, जिम म्हणाला, जांभळ्यांनी कपांवर छापला, कॅलेंडरवर छापला, आणि आता म्हणे ब्लँकेटवरही छापलाय. त्याने ते ब्लँकेट पाहिलेलं नव्हतं. ज्याच्या घरात ते असेल त्याच्या घरचं पाणीही तो पिणार नव्हता.

माझा बॉस स्टीव्ह जांभळा आहे. ऑफिसात त्याच्या बास्केटबॉलच्या गप्पांना मी दहा वर्षं न कळता माना डोलावतोय. त्याबद्दल गेल्या नाताळात त्याने मला एक खोकं दिलं होतं. हे नुसतं ब्लँकेट नाही, इतिहास आहे, असंही काहीतरी म्हणाला होता. सोनेरी कागद होता.

मी चेहऱ्यावर हसू तसंच ठेवून सुनीताला मराठीत विचारलं, "ते खोकं कुणाकडून आलेलं?"

"तुझ्या स्टीव्हकडून. का रे?"

 केतकी शेजारीच होती, तिला मराठी कळतं, स्टीव्ह जांभळा आहे हेही ठाऊक होतं, आणि तिचा चेहरा पांढरा पडलेला मला दिसला. तोवर सुनीताने कॅरलच्या हातात शाल दिलीसुद्धा होती, आणि जिमच्या मांडीवर खोकं.

मी पुढे झेपावलो. म्हणालो, आमच्यात आहेर देणाऱ्यासमोर उघडत नाहीत. जिमने समजुतीने मान हलवली आणि घरी जाऊन उघडू म्हणाला. हे तर आणखी वाईट! मग मी म्हणालो, त्याआधी तो आठ दिवस देवापुढे ठेवावा लागतो, आमच्याच देवापुढे. असं म्हणून मी खोक्याचं एक टोक धरलं. जिमने सवयीने दुसरं टोक घट्ट धरलं. (शेवटी खेळाडू.) माझा होणारा व्याही आणि मी, पहिल्याच भेटीत, एका खोक्यावरून ओढाताण करत होतो. सुनीता मला मराठीत म्हणाली, "असं काही नसतं, काय करतोयस तू?" आणि जिमकडे वळून इंग्रजीत त्याला खुशाल उघडा म्हणाली.

कागद फाटला. जांभळं ब्लँकेट जिमच्या गुडघ्यांवरून जमिनीवर पसरलं. त्यावर भलामोठा जिम होता, वीस वर्षांचा, हात वर आणि तोंड उघडं.

 केतकीचे डोळे भरून आले होते आणि ते माझ्यामुळे, हे मला आतून कुरतडत होतं. खरं सांगून पाया पडावं असं ठरवून मी उठलो. तेवढ्यात जिम स्वतःच गुडघ्यांवर बसला आणि त्याने ब्लँकेटची खालची घडी उलगडली.

"कॅरल," तो म्हणाला. "चष्मा आण."

ब्लँकेट लांब होतं, त्यामुळे फोटो पुरा छापला होता, पायांसकट. जिमचे बूट जमिनीपासून चांगले हातभर वर होते.

कॅरलने वाकून पाहिलं, बोटाने अंतर मोजलं. "तू उडी मारली होतीस, जिम," ती हळूच म्हणाली. एवढा मोठा माणूस आमच्या गालिच्यावर बसून लहान मुलासारखा डोळे पुसायला लागला. मग उठून त्याने मला मिठी मारली आणि विचारलं, हे तुम्हाला सापडलं कुठे?

कपाटात, हे खरं उत्तर होतं. "बरेच दिवस शोधत होतो," मी म्हणालो. सुनीताने माझ्याकडे पाहिलं आणि निमूटपणे आणखी पुरणपोळ्या आणायला गेली.

लग्न आता जूनमध्ये आहे. व्याह्यांच्या इतिहासाचा इतका अभ्यास करणारा माणूस आपण पाहिला नाही, असं जिमने सगळ्यांना सांगितलंय. त्याचे जुने सहकारी खेळाडू लग्नाला येणार आहेत आणि त्यांच्यासमोर त्या सामन्यावर मी अर्धा तास बोलायचं, असं परस्पर ठरलंय. मला झोप लागत नाही. शेवटी परवा केतकीने माझी तयारी करून घ्यायला घेतली.

"ओके बाबा, लेट्स स्टार्ट ईझी," ती म्हणाली. "कोर्टवर एका टीमचे किती प्लेयर्स असतात?"

एवढं तर मला येत होतं. मी ताठ बसून म्हणालो, "अकरा."