मस्टर म्हणजे दाखवणं

लातूर नवा जिल्हा झाला, त्यानंतरच्या एका दुष्काळात मी अहमदपूरकडच्या पाझर तलावाच्या कामावर हजेरी घ्यायला होतो. बी.ए. झालेलो, तेही इंग्रजी घेऊन. मग काय विचारता! बायाबापड्या उन्हात माती उचलायच्या आणि मी लिंबाखाली खुर्ची टाकून मस्टर भरायचो.

मस्टर हा शब्द तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. "मस्टर निगालं का?" "मस्टरवर नाव हाय का?" दिवसभर तेच. मला मात्र तो आला कुठून याची खाज सुटली. जाडजूड डिक्शनरी काढली. मूळ लॅटिन, अर्थ दाखवणं. पलटणीतले शिपाई साहेबापुढं उभे करायचे, कागदावरची माणसं खरीच आहेत का ते डोळ्यांनी बघायचं, ते मस्टर. मी असा खूश झालो की दोन दिवस भेटेल त्याला ऐकवत सुटलो.

त्या टोळीची एक रीत होती. कुणी बाळंत झाली, तापानं पडली, की तिच्या नावाला दुसरी 'हाजीर' म्हणायची आणि तिच्या वाटणीचा खड्डा बाकीच्या मिळून खणायच्या. माप पुरं भरायचं. मला सगळं माहीत होतं, मी गुमान टिक मारायचो.

पण जिल्ह्याचे साहेब तपासणीला येणार अशी कुणकुण लागली, आणि डोक्यात ते लॅटिन शिरलेलं. बौद्धवाड्यातली एक बाई नुकतीच बाळंत झाली होती. तिच्या घरची चूल त्या एका नावावर पेटायची. नाव कटलं की जागा गेली, रांगेत माणसं उभीच होती. तिच्या नावाला तिची जाऊ 'हाजीर' म्हणाली.

"तू नाही. ती कुठंय?"

"बाळंतीन हाय की, साहेब. चौथा दिस. तिचा खड्डा आमी खनतोय न्हवं का?"

"मस्टर म्हणजे दाखवणं. उद्या ती दिसली नाही, तर नाव कटलं."

मीच म्हणालो हे. जीभ झडली नाही माझी!

दुसऱ्या दिवशी ती आली. फडक्यात गुंडाळलेलं पोर छातीशी. नाव पुकारलं तशी पुढं येऊन म्हणाली, "बगा साहेब, मी हाय."

माझी घाबरगुंडी उडाली. "बरं बरं, जा आता घरी. मी लावतो हजेरी."

"न्हाई साहेब. तुमचा मोठा साहेब आला, मंग?"

पोर तिनं लिंबाखाली, माझ्या खुर्चीजवळच निजवलं आणि पाटी उचलली. मी हात धरून तिला परत पाठवायला हवं होतं. नाही पाठवलं. नोकरीची भीती, दुसरं काय.

साहेब आलेच नाहीत. दुपारी ती खड्ड्यातच खाली बसली. लुगडं मागून रक्तानं भिजलं होतं. मी धावलो, तोवर बायकांनी पदर धरून तिच्याभोवती कडं केलं होतं. जावेनं मानही वळवली नाही.

"साहेब," जाऊ म्हणाली, "हिकडं बगू नका."