मेलेला राजा उठतो ते पान

विज्ञान कादंबऱ्या मला कधी मनापासून आवडल्या नाहीत. आता मायही गेली, घरात ऐकायला कोणी उरलं नाही, तरी हे लिहिताना चोरी केल्यासारखं वाटतं. कारण मी त्याच वाचाव्यात अशी माझ्या वडिलांची इच्छा होती.

वडील सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर पाटकरी होते. शेतांना पाळीनं पाणी सोडणं हे त्यांचं काम. आम्ही बौद्ध. वडिलांनी तरुणपणी घरातले देव स्वतःच्या हातांनी पूर्णा नदीत सोडले होते. अंगारा, गंडा, नवस यांतलं काही पुन्हा उंबऱ्याच्या आत येऊ नये याला ते फार जपत. म्हणायचे, "पाणी मंत्रानं येत न्हाई. कोणीतरी जाऊन गेट उघडावं लागतं."

सत्तरच्या दशकात मी हिंगोलीला शिकत होतो. शनिवारी एसटीनं गावी येताना वाचनालयातून दोन पुस्तकं आणायचो. चंद्रावर नाहीतर मंगळावर जाणाऱ्या माणसांचं एक, ते वडिलांना दिसावं म्हणून. आणि राक्षस, जादूगार, राजपुत्रांचं दुसरं, ते माझ्यासाठी. त्याच्या मुखपृष्ठावर कवट्या असत, म्हणून त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घालायचो. वडिलांना ते कळत होतं. एकदा म्हणाले, "मी देव बाहेर काढले, अन् तू भुतं आणून राहिला घरात." म्हणताना हसले, पण पुस्तक हातात घेतलं नाही.

माझं मत तेव्हाही पक्कं होतं. विज्ञान कादंबरीत यान उडेपर्यंत लेखक जीव लावून लिहितो, पण यानातली माणसं सरकारी परिपत्रकासारखी बोलतात. परक्या ग्रहावर उतरूनही त्यांना भूक लागत नाही, घरची भाकरी आठवत नाही. शास्त्रज्ञ सगळे पुण्या-मुंबईचे. आमच्याकडच्या एखाद्या माळावर उडती तबकडी उतरल्याचं मी काही वाचलं नाही. जादूच्या कादंबरीत वाटेल ते घडतं असं लोक म्हणतात, ते मात्र खोटं आहे. तिथले नियम फार कडक. दिलेला शब्द राक्षसालाही पाळावा लागतो. खोट मला एकच दिसायची: मेलेली माणसं फार स्वस्तात उठतात. पाणी शिंपडलं की राजा डोळे चोळत बसता होतो. ते वाचताना मला हसू यायचं.

एका उन्हाळ्यात वडील तापानं गेले. माणसं भेटायला येत, भिंतीला टेकून बसत, उठून जात. एका दुपारी वडिलांच्या फोटोखालच्या फळीवरून मी माझं पुस्तक काढलं. तेच पान निघालं. राजा मरून पडला आहे आणि राजपुत्र जादूगाराकडे पाणी मागतो आहे. मला हसू आलं नाही. हे खरं व्हावं असं मला वाटायला लागलं, तेही वडिलांच्या फोटोसमोर बसून.

तेवढ्यात वडिलांच्या सोबतीनं कालव्यावर राबलेले एक म्हातारे काका आले. आमचं बुद्धवंदनेचं पुस्तकही तशाच कव्हरात, त्याच फळीवर असायचं. काकांनी माझ्या हातातलं पुस्तक पाहिलं, टोपी काढली, हात जोडले आणि समोर बसले.

"वाच लेकरा. मोठ्यानं वाच. आमालाबी ऐकू दे."

"काका, हे..."

"लाजून काहून राहिला?" मायजवळ बसलेली आत्या म्हणाली. "तुझा बाप म्हणायचा, पोरगं दिवसभर वाचते, पर काय वाचते ते घरात कोणाला सांगत न्हाई. आज कळू दे की."

कोपऱ्यात बसलेल्या मायनं मान वर केली.

पुस्तक बदलावं तर फोटोपुढे मी काय वाचत होतो ते सगळ्यांना कळलं असतं. मी वाचू लागलो. राजाच्या जागी बाप म्हटलं, राजपुत्राच्या जागी मुलगा, जादूगाराच्या जागी म्हातारा. पाण्यापाशी आलो तेव्हा छापलेले शब्द डोळ्यांपुढे होते, पण मी ते उच्चारले नाहीत. मनाचंच वाचलं. म्हातारा म्हणाला, पोरा, असलं पाणी माझ्याकडे नाही. कोणाकडेच नाही. घरी जा, आईजवळ बस.

"बराबर," काका डोळे पुसत म्हणाले. "तुझ्या बापाचंच बोलणं हाय हे."

मला मान वर करवेना. वडिलांनी ज्याला हात लावला नाही त्या पुस्तकातून, तेही खोटं वाचून, मी त्यांचं बोलणं त्यांच्याच माणसांना ऐकवलं होतं.

काका आणि आत्या गेल्यावर माय कपबश्या गोळा करता करता थांबली. तिला वाचता येत नव्हतं, पण माझं वाचणं ती मी शाळेत असल्यापासून ऐकत आली होती.

"शेवटाला अडखळत होता तू," ती म्हणाली. "तिथं दुसरंच काही लिवलं हाय, व्हय ना?"

"व्हय."

"काय लिवलं?"

"पाणी शिंपडतात. मग तो उठून बसतो."

तिनं हातातली बशी खाली ठेवली. "खोटं हाय ते."

"खोटंच हाय, माय."

"वाच," ती म्हणाली.

मी फोटोकडे पाठ करून बसलो आणि ते पान होतं तसं वाचलं. हळू आवाजात, वडील अंगणात असताना वाचायचो तसं. राजा उठून बसला. पुस्तकात तो तिथूनच लढाईला निघतो. मी पान उलटणार, तर मायनं हात पुढे केला.

"थांब. जेवला का तो?"

पुस्तकात तसं काही नव्हतं.

"जेवला," मी म्हणालो.