पाचूबंदरच्या बोटीचे आटे

दादाला जाऊन आता वर्ष होईल. भेटायला येणारे त्याच्या हसऱ्या स्वभावाबद्दल बोलतात. मी मान हलवतो. मला मात्र त्याचा आलेला वैतागच जास्त आठवतो, आणि तो बहुतेक सगळा त्याच्या वालीवच्या गाळ्यातल्या, आकड्यांच्या हुकमाने धातू कापणाऱ्या त्या जुन्या सीएनसी मिलिंग मशीनपाशी आलेला आहे.

ते मशीन त्याने मला न विचारता घेतले होते. प्रोग्राम मात्र मी लिहायचे, कारण मी शाळेत गणित शिकवत होतो. गिरीजच्या घरी जेवणाच्या टेबलावर मी हिशेब मांडायचो आणि शाळा सुटली की गाळ्यात जाऊन ते आकडे मशीनमध्ये भरायचो. नव्या मशीनला पूर्ण वर्तुळ एका ओळीत सांगता येते. आमच्या मशीनला ते चार तुकड्यांत सांगावे लागे. प्रत्येक पाव वर्तुळ वेगळे लिहायचे आणि दर वेळी तुकड्याच्या सुरुवातीपासून केंद्र किती दूर तेही सांगायचे. एक आकडा चुकून वर्तुळ जुळेनासे झाले की मशीन लाल दिवा लावून गप्प बसे.

"मशीन तुझ्यावरच गेलंय," दादा म्हणायचा. "जरा चुकलं की रुसतं."

ऑगस्ट जवळ आला होता. मासेमारीवरची पावसाळी बंदी उठून बोटी समुद्रात जायला थोडेच दिवस उरले असताना पाचूबंदरचा एक तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख, गाळ्यात आला. त्याच्या बोटीच्या पंख्याचा दांडा ज्या भागातून बाहेर जातो, त्या भागाचे आतले आटे झिजले होते. त्याने ब्रॉन्झचा नवा भाग ओतून आणला होता, पण त्यात आटे पाडायचे राहिले होते. एका बाजूला लांब हात असल्यामुळे तो लेथवर फिरत नव्हता. दोन ठिकाणांहून नकार घेऊन तो आमच्याकडे आला होता.

"आतमध्ये पानी येतं, मास्तर. बाकीच्या बोटी जातील आनि आमी काठावर बसू. होनार का नाय, तेवढं सांगा."

"होणार!" दादा म्हणाला आणि मग माझ्याकडे वळला. "होईल ना रे?"

होणार नव्हते. आट्यांसाठी कटरने गोल फिरता फिरता खालीही उतरायला हवे, आणि आमचे मशीन एक तर गोल फिरे, नाही तर उतरे. ते दोन्ही एकत्र करायचे तर एकच मार्ग होता. वर्तुळाचे बारीक सरळ तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला कटर किंचित खाली न्यायचा. एका फेऱ्याचे तुकडे लिहायचे आणि तोच फेरा पुन्हा पुन्हा चालवायचा. मी चार संध्याकाळी ते करत बसलो. जीव लावून नव्हे, चडफडत.

ओतलेला भाग एकच होता, म्हणून आधी नायलॉनच्या ठोकळ्यात आटे पाडून पाहिले. तांडेलाने दिलेली जुनी बुश, म्हणजे त्या भागात फिरवून बसवायची आट्यांची नळी, त्यात फिरवली. दोन फेरे गेली आणि अडकली.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून मी सगळी बेरीज पुन्हा केली. चूक सापडेना. वहिनीने दोनदा जेवायला बोलावले, दोन्ही वेळा मी तिच्यावर खेकसलो. शेवटी गाळ्यात जाऊन मशीनच्या पडद्यावर एकेक ओळ वाचत गेलो. शेवटच्या ओळीतला खाली उतरण्याचा आकडा माझा नव्हता.

"हा तू बदललास?"

"सुधारला," दादा शांतपणे म्हणाला. "वरच्या सगळ्या ओळींत एकच आकडा, आणि शेवटच्या ओळीत भलताच. थकला असशील, म्हटलं, म्हणून चूक झाली असेल."

मी ओरडलो. एका फेऱ्याची उतरण तितक्या तुकड्यांत नेमकी भागली जात नाही. आकडा वर ओढून लिहावा लागतो, म्हणून प्रत्येक तुकडा अगदी किंचित जास्त उतरतो. ते जास्तीचे मी शेवटच्या ओळीत वळते केले होते. त्याने ती ओळ इतरांसारखी केल्यामुळे प्रत्येक फेरा थोडा जास्त खाली जात राहिला आणि बुश अडकली.

"मग लिहायचं ना बाजूला, मुद्दाम आहे म्हणून," तो म्हणाला. "मला काय स्वप्न पडणार?"

ते खरे होते, त्यामुळे मला आणखीच राग आला.

आकडा पूर्ववत केला. नायलॉनमध्ये बुश तळापर्यंत गेली. मग ब्रॉन्झ लावला. पूर्ण वेळ दादा थांबवण्याच्या बटणावर अंगठा ठेवून उभा होता आणि मी त्याच्या अंगठ्याकडे पाहत होतो. तांडेलाने स्वतःच्या हाताने बुश फिरवली. ती जात राहिली. त्याने कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून क्रूस केला.

"मास्तर, गनित शिकवता ते फुकट नाय," तो म्हणाला. त्याची बोट इतरांबरोबर गेली.

त्यानंतर मी विचित्र दिसणाऱ्या प्रत्येक आकड्यापुढे कागदावर लिहू लागलो, "दादा, हात लावू नकोस." तर हा शाळेत फोन करू लागला. शिपाई मला भर वर्गातून बोलवायचा आणि फोनवर दादा विचारायचा, "इथे तू काही लिहिलेलं नाहीस. मग हा बदलू का?"

"नको."

"का पण?"

आणि मुख्याध्यापकांच्या टेबलापाशी उभा राहून, दात ओठ खात, मी त्याला ते सगळे पहिल्यापासून समजावून सांगायचो.