‘खुशाल जा, माही हरकत नाही’

उंद्रीतल्या आमच्या घराचा पुढचा दरवाजा तीन फूट दोन इंच रुंद आहे. त्यातून माणूस जातो, धान्याचं पोतं जातं, कडब्याची गाडी जात नाही. गोठा घराच्या मागे आहे. म्हणून आमची गाडी आणि बैल शेजारच्या बोळातून जातात. बोळ साडेसहा फूट रुंद, आणि जागा शेजाऱ्याची. माझे वडील तिथूनच जात. त्यांच्या आधी कोण जात होतं ते सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. हा बोळ बंद झाला तर गोठा बंद, आणि गोठा बंद म्हणजे बैल विकणं. दुसऱ्याच्या बैलांवर पेरणी करणाऱ्यांची पेरणी मी पाहिली आहे. पेरणीच्या ओलीची घात निघून गेल्यावर बैल मिळतात.

शेजारचे काका होते तोवर या बोळाबद्दल कधी शब्द निघाला नाही. महाराष्ट्र राज्य होऊन चारसहा वर्षं झाली असतील, तेव्हा ते वारले. त्यांचा मुलगा खामगावला कापसाच्या जिनिंगमध्ये मुनीम होता, तो नोकरी सोडून घरी आला. माझ्याहून दहाबारा वर्षांनी लहान, बोलायला अतिशय गोड. आल्यापासून तो सकाळी ओट्यावर चहा घेत बसू लागला. मी जोडी घेऊन बोळातून निघालो की कपबशी खाली ठेवायचा आणि म्हणायचा, ‘‘जा भाऊ, खुशाल जा. माही काही हरकत नाही.’’

मी बैल थांबवून म्हणायचो, ‘‘मेहरबानी.’’

आमच्याकडे हा शब्द बोलण्यात सहज येतो. दुकानदार सुटे पैसे देतो तेव्हाही आपण मेहरबानी म्हणतो.

पण काही दिवसांनी मला ते वाक्य खटकू लागलं. एक तर ते रोज तेच असायचं, शब्दाचाही फरक नाही. माणूस मनापासून बोलतो तेव्हा एखाद दिवशी विसरतो, एखाद दिवशी कंटाळतो. दुसरं असं, की त्या वेळी ओट्यावर कुणी ना कुणी चहाला असायचंच. कधी गावचे दोन पंच, कधी पोथी वाचणारे महाराज. कुणी नसलं तर तो नुसती मान हलवायचा. हे मी लक्ष ठेवून पाहिलं. एकटा असताना त्याची हरकत होती की नव्हती, हे तो कधी बोलला नाही.

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, ‘‘चांगलं बोलणाराचाही तुम्हाले संशय येते. उद्या तो शिव्या देईन, मग बरं वाटंन.’’

मग एक दिवस बोळाच्या तोंडाशी दगड येऊन पडले. घडीव, भिंतीचे. मी विचारलं तर तो म्हणाला, ओटा वाढवायचा आहे. मी मनात दगडांचा अंदाज घेतला. तेवढ्या दगडांत तसले तीन ओटे झाले असते.

पंचांकडे जावं असं बायकोचं म्हणणं. पण पंचांपैकी दोघांचा चहा रोज त्याच्याच ओट्यावर होत होता. मी चिखलीला बस बदलून बुलढाणा गाठलं. तिथले एक वयस्क वकील वहिवाटीचे दावे चालवत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि समजावलं, की दुसऱ्याच्या जागेतून वीस वर्षं उघडपणे, न अडता, हक्क म्हणून गेलं तर ती वाट आपली होते. मात्र मालकाच्या परवानगीनं गेलं तर शंभर वर्षं जाऊनही होत नाही. मी विचारलं, या वीस वर्षांत मध्य प्रदेश जाऊन मुंबई राज्य आलं, ते जाऊन महाराष्ट्र आला, त्याचं काय? ते हसून म्हणाले, बैलांना राज्य ठाऊक नसतं.

मी शेजाऱ्याचं रोजचं वाक्य सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘‘आणि तुम्ही काय म्हणता?’’

‘‘मेहरबानी म्हणतो.’’

वकीलसाहेबांनी पेन खाली ठेवलं. ‘‘साक्षीदारांसमोर?’’

‘‘हो.’’

‘‘मग आजपासून म्हणू नका. तुमचा हक्क आधीच पिकला आहे असं आपण म्हणू. पण कोर्टानं ठरवेपर्यंत तो कच्चाच. तो तुमच्या तोंडून कबुली काढून घेतो आहे.’’

परतताना बसमध्ये मी आजवर किती वेळा तो शब्द बोललो असेन याचा हिशोब करू लागलो आणि मग सोडून दिला.

दुसऱ्या दिवसापासून मी तोंड उघडलं नाही. तो ‘खुशाल जा’ म्हणायचा आणि मी समोर पाहत चालायचो. अडचण बैलांची होती. त्यांना त्या ओट्यापुढे थांबायची सवय लागली होती. ते थांबायचे, त्याचं वाक्य पूर्ण व्हायचं, आणि सगळ्यांदेखत मी मुका उभा. गावात बोलणं झालं, की याला गर्व चढला, शेजारी एवढा भला आणि हा राम राम घेत नाही.

दगड वाढले तेव्हा वकिलांनी नोटीस पाठवली. त्याच्या वकिलाचं उत्तर आलं: सदर जागेतून जाणे हे केवळ आमच्या पक्षकाराच्या तोंडी परवानगीने असून, ती दररोज प्रतिष्ठित ग्रामस्थांसमक्ष दिली जाते. मी ते बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘‘अन् मी त्याच्या घरी लोणचं पाठवलं.’’

पुन्हा बुलढाणा. या वेळी वकीलसाहेबांनी वेगळंच विचारलं. ‘‘त्यांचं काही तुमच्या जागेतून जातं का?’’

मी म्हटलं, काही नाही. मग आठवलं, म्हणून सांगितलं, की त्यांच्या न्हाणीचं पाणी आमच्या परसात येतं. उतार आमच्याकडे आहे. त्या पाण्यावर माझ्या केळी वाढतात, म्हणून मी ते कधी जाणं समजलोच नव्हतो.

‘‘दुसरीकडून काढता येईल त्यांना?’’

‘‘घर खोदल्याशिवाय नाही.’’

‘‘मग अडवू मात्र नका. तेही वीस वर्षांचंच असेल, अडवलं तर चूक तुमची. तुम्ही फक्त परवानगी द्या. रोज, साक्षीदारांसमोर.’’

मला समजायला थोडा वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकू, म्हणजे त्याची आई, न्हाणीत भांडी घासत होत्या. मी केळीजवळ उभा राहिलो आणि पलीकडच्या ओट्यावर ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणालो, ‘‘काकू, पाणी खुशाल सोडा. माही काही हरकत नाही.’’

भांड्यांचा आवाज थांबला. काकू कुडावरून डोकावल्या. ‘‘काऊन रे? आता तुह्या परवानगीनं आंघोळ करू का मी?’’

मी ओट्याकडे पाहिलं. काकूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा ओट्याकडे. त्यांचा मुलगा बशी ओठाला लावून तसाच बसला होता. त्या त्याला म्हणाल्या, ‘‘सकाळी सकाळी तू जे बडबडतं, तेच का हे? कोणं शिकवलं तुले?’’

तो म्हणाला, ‘‘काही नाही वं माय.’’

‘‘काही नाही तं मंग यालेही तेच काऊन सुचलं?’’

त्या आठवड्यात गावानं रोज दोन परवानग्या ऐकल्या, आधी त्याची, मग माझी. चहाला माणसं वाढली. पुढं त्याच्या वकिलाकडून निरोप आला, की आपसात मिटवू.

तडजोडीचा मसुदा करायला बुलढाण्याला आम्ही दोघे एकाच बसनं निघालो, कारण दुसरी बस नव्हती. तो पुढे बसला, मी मागे. चिखलीच्या स्टँडवर त्यानं भज्यांचा कागद माझ्यापुढे धरला. भूक होती, पण मी घेतली नाहीत. खाल्ल्यावर त्याला काय म्हणावं लागलं असतं, याची मला खात्री नव्हती.

त्याच्या वकिलानं आणलेल्या मसुद्यात पहिल्याच कलमात होतं, ‘शेजारधर्म म्हणून सौजन्याने वाट देण्यात येत आहे’. मी ‘सौजन्याने’वर बोट ठेवलं. वकीलसाहेबांनी तो शब्द काढून ‘वहिवाटीच्या हक्काने’ घातलं. तेव्हा शेजारी म्हणाला, ‘‘मंग पाण्यालेही तेच लिहा.’’ तेही लिहिलं. भिंत बोळाच्या त्याच्या अंगाला, साडेसहा फूट सोडून. न्हाणीचं पाणी माझ्या परसातून बंद मोरीनं.

मोजणी गावात केली. फीत माझी होती. एक टोक त्यानं धरलं, एक मी. आकडा वाचून झाल्यावर मी त्याचं टोक नीट खुंटीला टेकलंय का ते पाहून आलो. मग तो माझं टोक पाहायला आला. त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

चिखलीला दस्त नोंदवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी जोडी बाहेर काढली. बोळात वळलो. तो ओट्यावर होता, हातात कपबशी, शेजारी नेहमीचेच दोन पंच. बैल सवयीनं ओट्यापुढे थांबले आणि उभे राहिले. तो माझ्याकडे पाहत होता, मी त्याच्याकडे. पंच एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत होते. म्हणायचं होतं ते सगळं दस्तात लिहून झालं होतं. बैल काही हलेनात.

शेवटी तो म्हणाला, ‘‘हाका ना भाऊ.’’

मी ते शब्द मनात एकदा तपासून पाहिले. त्यांत परवानगी काही दिसली नाही. मग मी कासरा सैल सोडला.