जिन्याखालची शेगडी

संघपालभाऊंची सगळी नोकरी आगीकडे बघण्यात गेली. दीपनगरच्या वीज केंद्रात ते बॉयलरवर होते. भट्टीच्या भिंतीतल्या झरोक्याशी निळी काच धरून आत बघायचं. जाळ नीट आहे का, एकीकडे झुकतोय का, पिवळा पडतोय का, ते ताडायचं. आत एवढा गडगडाट, पण निळ्या काचेतून तोच जाळ त्यांना तळ्याच्या पोटात डोलणाऱ्या शेवाळासारखा दिसे. बघता बघता ते हरवून जात. सोबतची माणसं हसत म्हणत, "गेला संघपाल आत."

निवृत्त झाल्यावर क्वार्टर सुटलं आणि ते पारोळ्याला आले. पत्नी मंदाबाई इथल्याच दवाखान्यात परिचारिका. तिची नोकरी अजून बाकी होती. ती ड्यूटीवर गेली की घर एकदम गप्प होऊन बसे. अशाच एका दुपारी भाऊंनी वरण गरम करायला शेगडी पेटवली आणि फुललेल्या निळ्या गोलाकडे बघत उभेच राहिले. तेव्हापासून स्वयंपाक त्यांच्याकडे आला. कोणी दिला नाही, त्यांनी मागितला नाही.

अडचण होती ती जागेची. स्वयंपाकघर जिन्याखाली. एका टोकाला दार आणि मोरी, म्हणून ओटा होता तो जिन्याच्या उतरत्या स्लॅबखाली. मंदाबाई ठेंगणी, तिचं भागून जाई. भाऊ पडले ताडमाड. भाजी ढवळायला वाकायचे, चव घ्यायला सरळ व्हायचे, की ठण्ण! कपाळावरचं टेंगूळ कायमचं मुक्कामाला आलेलं.

त्यात मृणालीनं, त्यांच्या लेकीनं, पुण्याहून हॉब, म्हणजे नव्या पद्धतीची गॅसची शेगडी, पाठवला. काळ्या काचेचा, ओट्यात खोलगट बसवायचा. "पप्पा, खास तुमच्यासाठी," ती फोनवर म्हणाली. जागेचं माप मात्र तिनं विचारलं नव्हतं.

ज्ञानेश्वर मिस्तरी आले. त्यांनी टेप लावून पाहिला, हॉब इकडून तिकडून ठेवून पाहिला. मधोमध पिलर आडवा येई. पिलर टाळावा तर हॉब सरकत जाई तो नेमका स्लॅब सगळ्यात खाली उतरलेल्या कोपऱ्यात.

"बठ्ठं बशी जाई, भाऊ," मिस्तरी म्हणाले, "पन तुमनं डोकं कोठे ठेवशात?"

"डोकं ते एरवीही कुठंतरी ठेवूनच येतात," मंदाबाई म्हणाली, आणि तिघंही हसले. पण कामाचं काही जमलं नाही. हॉब परत खोक्यात गेला.

दुसऱ्या दिवशी मंदाबाई दवाखान्यात गेल्यावर भाऊ स्वयंपाकघरात गेले आणि त्या कोपऱ्यापुढे फरशीवर बसले, भिंतीला टेकून. खालून बघताना स्लॅब किती वर गेल्यासारखा वाटत होता! पायऱ्यांचा उतार डोंगराच्या उतरणीसारखा दिसू लागला. शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचं गाव. तिथं त्यांची माय नर्मदाबाई चुलीपुढे बसलेली असे आणि मांडीला चिकटून लहानगा संघपाल. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी तडतडायची. कळण्याच्या भाकरीचा वास केसांत शिरायचा. जाळात कधी हत्ती दिसायचा, कधी नदी, कधी कुठलंसं गाव, ज्यात जायला वाटच नसे. त्या घरात उभं राहायची कोणाला गरजच पडत नव्हती.

संध्याकाळी मंदाबाई पाय धुऊन बसली तेव्हा ते म्हणाले, "ओटा फोडू या. गुडघ्याइतका ठेवू. मी स्टुलावर बसून रांधीन."

मंदाबाई लगेच हसेल असं त्यांना वाटलं होतं. ती हसली नाही.

"माझ्या आईची कंबर चुलीपुढे वाकून वाकून गेली," ती म्हणाली. "पहिल्यांदा ओटा बांधला, तेव्हा त्यावर हात टेकून ती रडली होती. आता मी परत खाली बसू?"

एकाच चुलीतून आपल्याला नदी दिसत होती आणि चुलीपुढच्या बाईला काय दिसत असेल, हे भाऊंच्या कधी मनातच आलं नव्हतं. आपल्या मायलाही त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"तू नको बसूस," ते हळूच म्हणाले. "तुझी जुनी शेगडी दाराजवळ उंच टेबलावर राहू दे, उभ्यानं रांधायला. खाली मीच बसेन."

मंदाबाईनं त्यांच्या कपाळावरच्या टेंगळाकडे बघितलं. "फोडा मग," ती म्हणाली.

मिस्तरींनी मान हलवत काम धरलं. बुटका ओटा उभा राहिला, ग्रॅनाइटला पिलर टाळून भोक पडलं, आणि ज्योत व स्लॅब यांच्यात ऐसपैस अंतर आलं. सिलेंडर शेगडीपेक्षा खाली हवा, म्हणून तो बाहेर अंगणात गेला; घराचं जोतं उंच, त्यामुळे तेही जमलं. गॅसवाल्यानं तांब्याची नळी भिंतीतून आत घेतली, जोडांना साबणाचं पाणी लावून बघितलं आणि तो गेला.

त्या संध्याकाळी भाऊ स्टुलावर बसले. हॉब पेटला. काळ्या काचेत ज्योतीचं प्रतिबिंब पडलं, वर एक निळं फूल आणि खाली एक. कढईत डाळीची आमटी रटरटू लागली. बाहेर दिवस कलत गेला, जिन्याखाली अंधार साचत गेला, आणि ती दोन फुलं तेवढी हलत राहिली.

"अहो, करपलंय!" मंदाबाई दारातूनच ओरडली. "लक्ष कुठं होतं?"

"लक्ष होतं ना," भाऊ दचकून म्हणाले. "ज्योतीकडे होतं. बघ, जराही पिवळी नाही."

तिनं गॅस बंद केला. पर्स ठेवली, साडीचा पदर खोचला, आणि मग काय वाटलं कोण जाणे, तिथंच फरशीवर बसून त्यांच्या स्टुलाला पाठ टेकली. दिवसभराच्या थकव्यानं तिचे डोळे मिटत होते. आज दवाखान्यात एका बाईला जुळं झालं, असं काहीतरी ती सांगू लागली. भाऊंनी वरवरची आमटी हलकेच दोन वाट्यांत काढली. एक तिच्या हाती दिली.

"चांगली लागतेय," ती घोट घेत म्हणाली. "धूर लागलाय जरा. पण चांगली लागतेय."